सरकारी नियम आणि कागद लोकांसमोर ठेवण्याचं बंधन: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘अर्ज कसा लिहू?’ अशी असते. माझं सांगणं त्याआधीचं आहे. तुम्हाला हवा असलेला कागद कार्यालयाने कुणी न मागता बाहेर ठेवायचा आहे का, हे आधी बघा. पुष्कळदा तो ठेवायचाच असतो, आणि मग तुम्ही अर्जदार राहत नाही, हक्काची वस्तू बघायला आलेले नागरिक असता. सोपे प्रश्न आधी आणि किचकट नंतर घेतले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माहिती अधिकार म्हणजे दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करायचा, एवढंच ना?

नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये अर्जाचं कलम सहावं आहे. त्याच्या आधी कलम ४ येतं, आणि ते कार्यालयांवर बंधन घालतं: आपले नियम, अधिकार, खर्च, लाभार्थी, निर्णयाची पद्धत हे सगळं स्वतःहून प्रसिद्ध करा आणि दरवर्षी अद्ययावत करा. कलम ४(२) मध्ये हेतूही लिहिला आहे. लोकांना माहितीसाठी या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागावा, इतकी माहिती आपणहून द्यायची.

यासाठी कायदा झाल्यापासून १२० दिवसांची मुदत होती. ती ऑक्टोबर २००५ मध्येच संपली. त्यामुळे ‘आमचं काम चालू आहे, अजून अपलोड व्हायचं आहे’ असं कुणी सांगितलं तर ही मुदत नम्रपणे आठवून द्या.

२. कलम ४ मधल्या त्या ‘१७ बाबी’ कोणत्या? सगळ्या पाठ कराव्या लागतील का?

पाठ करायची गरज नाही. कार्यालयात गेल्यावर ‘कलम ४(१)(ख) ची १७ बाबींची माहिती दाखवा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. इंग्रजी प्रतीत हेच कलम ४(१)(बी) आहे. पुष्कळ ठिकाणी ती एका जाड फाइलीत बांधून ठेवलेली असते.

गावपातळीवर खरोखर कामाला येतात त्या बाबी मोजक्या आहेत. कोणत्या अधिकाऱ्याला कोणते अधिकार आहेत आणि निर्णय कोणत्या टप्प्यांतून होतो, ही पहिली. कार्यालय ज्या नियमांवर, पुस्तिकांवर आणि अभिलेखांवर चालतं त्यांची यादी, ही दुसरी. तिसरी सगळ्यांत मोलाची: अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण. त्याला लागून परवाने, सवलती कुणाला दिल्या त्याचा तपशील येतो. मग अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष वाटप, समित्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं मिळतात का, कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन, आणि शेवटी जन माहिती अधिकाऱ्याचं नाव व पद.

ठिबकचं अनुदान, विहीर, घरकुल, शेततळं, यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ लाभार्थ्यांच्या यादीत आणि निकषांत असतं. म्हणून तिथूनच सुरुवात करा. नावांबद्दल अलीकडे जो वाद निघाला आहे तो प्रश्न १६ मध्ये आहे.

३. ही माहिती शोधायची कुठे? आमच्याकडे सगळ्यांना इंटरनेट जमत नाही.

जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या संकेतस्थळावर ‘माहितीचा अधिकार’ असा भाग असतो, तिथे बघा. पण संकेतस्थळावर टाकलं म्हणजे काम संपलं, असं कायदा म्हणत नाही. कलम ४(४) मध्ये सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट आणि प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन पाहणी, असे सगळे मार्ग सांगितले आहेत. खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात कोणता मार्ग जास्त परिणामकारक, याचा विचार करूनच मार्ग निवडायचा आहे. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्याला मोबाइलची रेंज नसताना ‘साइटवर बघा’ हे उत्तर या कलमात बसत नाही.

४. सोमवारी सरकारी दप्तर बघायला मिळतं असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि ज्यांना माहीत व्हायला हवं त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचलेली नाही याचं वाईट वाटतं. सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी आदेश काढला. त्यानुसार जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महानगरपालिका अशा जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच राज्यभर नेली.

जाताना आदेशाची तारीख कागदावर लिहून न्या, कारण टेबलावरच्या नव्या कर्मचाऱ्याला तो आदेश माहीत असेलच असं नाही. कोणत्या विषयाची, कोणत्या वर्षाची फाइल बघायची ते आधी ठरवा. ‘सगळी फाइल दाखवा’ म्हटलं की दोन तास शोधण्यातच जातात. वही-पेन न्या, टिपणं काढा, आणि ज्या पानाची प्रत हवी त्याचा पान क्रमांक लिहून घ्या. बघून आल्यावर केलेला अर्ज दोन ओळींचा होतो आणि त्याला ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर देता येत नाही.

तालुक्याच्या कार्यालयाने ‘हा आदेश आम्हाला नाही’ म्हटलं, तर तिथेही पाहणीचा मार्ग बंद होत नाही. कलम २(ञ), म्हणजे इंग्रजीतलं २(जे), यानुसार कागद पाहणं, टिपणं घेणं आणि प्रमाणित प्रती घेणं हा माहिती अधिकाराचाच भाग आहे. अर्जात ‘मला प्रत्यक्ष पाहणी करायची आहे’ असं लिहा.

५. ग्रामपंचायत हिशोब दखाडत नही, काय करानं?

हा प्रश्न अहिराणीत, मराठीत, फोनवर, चिठ्ठीवर, सगळ्या वाटांनी येतो. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली जागा ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत पंचायतीने वार्षिक जमाखर्च, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाचं टिपण लोकांपुढे ठेवायचं असतं. तिथे उभं राहून ‘जमाखर्च वाचून दाखवा’ म्हणायला अर्ज लागत नाही, फी लागत नाही. तुम्ही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, हे इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढे अपील करायची वेळ आली तर ती नोंद उपयोगी पडते.

दुसरी जागा मोबाइल. केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून केलेला खर्च बघता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडायचं. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवलं तर चहा संपेपर्यंत काम होतं. तिथे दाखवलेली गटार गावात आहे का, हे मात्र चालत जाऊन बघावं लागेल.

तिसरी जागा ग्रामपंचायतीचं दप्तर. ग्रामपंचायत हे कायद्याने ‘सार्वजनिक प्राधिकरण’ आहे, त्यामुळे प्रश्न २ मधलं सगळं तिला लागू आहे. मागताना नेमकं मागा: अमुक आर्थिक वर्षाची रोकडवही, अमुक कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक. ग्रामसेवकाचं पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे. जन माहिती अधिकारी सहसा तेच असतात.

पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांतल्या लोकांसाठी पुढचा प्रश्न बघा.

६. आमचा पाडा पेसा क्षेत्रात आहे. आम्हाला वेगळं काही मिळतं का?

मिळतं. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्याचे पेसा नियम २०१४ चे आहेत. तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि अबंध निधी (कोणत्याही एका ठरावीक कामाशी न बांधलेला पैसा) कुठे खर्च झाला हे विचारण्याचा अधिकार तिचाच आहे. ग्रामसभा कोषाचं बँक पासबुक सभेत ठेवायला सांगा. तीन तालुके ओलांडून जिल्ह्याला जाण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि उत्तर सगळ्यांसमोर मिळतं.

७. ‘वरून जीआर आहे’ असं साहेब म्हणतात, पण जीआर दाखवत नाहीत. तो कसा मिळवायचा?

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेप्रमाणे मिळतात. प्रत्येकाच्या शेवटी ‘संगणक संकेतांक’ म्हणून एक लांब आकडा असतो. साहेबांना एवढंच विचारा: विभाग कोणता, तारीख कोणती, संकेतांक काय? जीआर असेल तर या तिन्हींपैकी एक तरी सांगता येतंच.

कागदांतला फरक लक्षात ठेवा. कायदा, नियम आणि अधिसूचना शासन राजपत्रात छापल्या जातात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचे स्थानिक मजकूर राजपत्राच्या नाशिक विभागीय पुरवणीत येतात. शासन निर्णय आणि परिपत्रक हे प्रशासनाचे आदेश असतात. नियमाच्या विरोधात जाणारं परिपत्रक टिकत नाही. आणि ‘तोंडी सूचना’ हा कागदच नाही. तिच्या आधारावर तुमचा अर्ज अडवला असेल तर ‘कोणत्या आदेशानुसार नाकारला ते लेखी द्या’ असं म्हणा. त्याचा पाया प्रश्न ९ मध्ये आहे.

८. जो नियम कधी प्रसिद्धच झाला नाही, तो आमच्यावर लागू होतो का?

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल आजही आधाराला घेतला जातो. जयपूर संस्थानाने अफूबद्दल एक कायदा केला होता. मंत्रिमंडळाने ठराव करून तो मंजूर केला, पण लोकांसाठी कुठेही प्रसिद्ध केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली एका माणसाला दंड झाला. न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. लोकांना कळण्याची कोणतीही सोय न केलेल्या कायद्याने त्यांना शिक्षा करणं नैसर्गिक न्यायात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. शासनाने कायद्याखाली केलेल्या नियमांनाही प्रसिद्धी लागते, हे १९८७ च्या बी. के. श्रीनिवासन खटल्यात पुन्हा सांगितलं गेलं.

मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. राजपत्रात नियम छापला गेला असेल तर ‘मी वाचला नव्हता’ हा बचाव चालत नाही.

९. आमचा वनहक्काचा दावा ‘अपात्र’ एवढाच शेरा मारून परत आला. कारण सांगणं बंधनकारक आहे की नाही?

बंधनकारक आहे. कलम ४(१)(घ), इंग्रजीतलं ४(१)(डी), स्पष्ट सांगतं: प्रशासकीय किंवा न्यायिकवत (न्यायालयासारख्या पद्धतीने दिलेल्या) निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. ‘अपात्र’ हा निर्णय झाला, कारण नव्हे. पुरावा अपुरा होता की जमीन मोजणीत बसली नाही, की मुदतीचा प्रश्न होता, हे लिहून द्यायला हवं. हेच घरकुलाला, शिष्यवृत्तीला, जातीच्या दाखल्याला लागू आहे.

वनहक्काच्या बाबतीत घाई महत्त्वाची. ग्रामसभेच्या ठरावाने तुमचं नुकसान झालं असेल तर उपविभागीय समितीकडे, आणि उपविभागीय समितीने नाकारलं असेल तर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागावी लागते. कारणांचा कागद मिळेपर्यंत थांबून राहू नका. ‘कारणं कळवलेली नाहीत’ हाच मुद्दा घेऊन मुदतीत दाद मागा, आणि ती मागतानाच कारणांची मागणी करा. सातपुड्यातल्या कितीतरी कुटुंबांचा हक्क कागद हातात न आल्यामुळे मुदतीत अडकला आहे.

१०. रेशन दुकानाचं रजिस्टर सामान्य माणूस बघू शकतो का?

हो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम २७ नुसार सार्वजनिक वितरण व्यवस्थेचे सगळे अभिलेख लोकांसाठी खुले ठेवायचे आहेत आणि पाहणीसाठी उपलब्ध करायचे आहेत. दुकानावर भाव, साठा, वेळ आणि तक्रार कुठे करायची हे सांगणारा फलक हवा. दुकानदार नाही म्हणाला तर वाद न घालता तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. तिथे त्या दुकानाला किती धान्य दिलं याची नोंद असते. गावातली दक्षता समिती कोणाची बनली आहे तेही तिथेच विचारा, कारण पुष्कळ सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं.

११. माझ्या सातबाऱ्यावर परस्पर फेरफार झाला. नोटीस मला कधी आलीच नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफाराची नोंद घेताच तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावायची असते आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते. हरकतीसाठी साधारण १५ दिवस मिळतात, मगच नोंद प्रमाणित होते. या फेरफार नोटिसा आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही गावनिहाय दिसतात.

तुम्ही दोन कागद मागा: फेरफार नोंदीची प्रत आणि नोटीस बजावल्याची पोच. पोचेवर सही कुणाची आहे ते बघा. सही तुमची नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायला तोच मुख्य आधार होतो. सातबारा बघणं मोफत आहे. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. सुरत, पुणे किंवा मुंबईला कामाला गेलेल्यांनी महिन्यातून एकदा तरी आपला गट नंबर उघडून बघावा, असं मी कळकळीने सांगेन.

१२. रस्ता किंवा रेल्वेसाठी जमीन जाणार असं कानावर येतं. आम्हाला अधिकृत कधी कळतं?

हे कोणत्या कायद्याने जमीन घेतली जात आहे त्यावर ठरतं, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा.

२०१३ चा भूसंपादन कायदा असेल तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं), संकेतस्थळावर आणि स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत व तहसीलमध्ये प्रसिद्ध करावी लागते. हरकतीला ६० दिवस असतात. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याने घेत असतील तर हरकतीला फक्त २१ दिवस. सुरतेहून धुळे, जळगाव मार्गे नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या शेतकऱ्यांना हा फरक महागात पडू शकतो. अधिसूचनेत गट नंबर आणि क्षेत्र असतं. शेजाऱ्याच्या तोंडी माहितीवर न जाता छापील कागद बघा.

१३. गिरणेतून वाळू उपसतात. किती उपसायची परवानगी आहे हे कुठे लिहिलेलं असतं?

जिल्हा सर्वेक्षण अहवालात. पर्यावरण मंत्रालयाच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार हा अहवाल जिल्ह्याने तयार करायचा, मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवायचा आणि संकेतस्थळावर टाकायचा. गिरणा, तापी, पांझरा, बुराई, कोणत्याही नदीवरच्या वाळू काढायच्या घाटाचा ठावठिकाणा आणि अंदाजे साठा त्यात असतो. त्याला जोडून घाटाचा लिलाव आदेश आणि पर्यावरण परवानगीच्या अटी मागा. अटींमध्ये उपशाची खोली आणि वेळ लिहिलेली असते. तक्रार करताना ‘फार उपसतात’ असं न लिहिता ‘अट क्रमांक अमुक मोडली’ असं लिहिलं की तिचं वजन वाढतं.

१४. शेवटी अर्ज करावाच लागला तर राज्याच्या आणि केंद्राच्या कार्यालयात काय फरक पडतो?

राज्याच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, पण दाखला जोडा. २०१२ च्या दुरुस्तीपासून अर्ज एकाच विषयाचा आणि सुमारे १५० शब्दांचा हवा. मुदत ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मुदत चुकली तर माहिती मोफत द्यावी लागते. माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन नाही, कुणी विचारलं तर कलम ६(२) दाखवा.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठात येतात.

भुसावळची रेल्वे, टपाल खातं, राष्ट्रीयीकृत बँका ही केंद्राच्या बाजूची कार्यालयं. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. त्यांचं दुसरं अपील दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं. भुसावळजवळच्या दीपनगरचं वीज केंद्र मात्र राज्याच्या कंपनीचं आहे. गाव तेच असलं तरी रस्ता वेगळा.

१५. विकासो (गावची विविध कार्यकारी सहकारी सोसायटी), दूध संघ, केळीचा विमा देणारी कंपनी यांच्याकडून माहिती मिळते का?

इथे सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही.

सहकारी संस्थांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१३ चा थलप्पलम निकाल आहे. केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी आहे म्हणून संस्था सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. शासनाचं भरीव अर्थसाहाय्य किंवा खरोखरचं नियंत्रण असावं लागतं, आणि ते अर्जदाराने दाखवायचं असतं. त्यामुळे गावची विकासो थेट उत्तर नाकारू शकते. पण त्याच निकालात पुढचा मार्गही आहे. निबंधकाला सहकार कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते, ती तुम्ही निबंधकाकडून मागू शकता. म्हणून अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या नावे करा: लेखापरीक्षण अहवाल, कर्जमाफीच्या याद्या, निवडणुकीचे कागद.

बाजार समिती वेगळी. ती कायद्याने स्थापन झालेली आहे, तिला कलम ४ थेट लागू होतं. अनुदानित शाळा-महाविद्यालयांचंही तसंच, कारण त्यांचा पगार शासन देतं.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या केळीवाल्यांचा सगळा वाद महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर असतो. खासगी कंपनीला अर्ज करून उपयोग नाही. कृषी विभागाला विचारा: आमच्या मंडळात अमुक तारखांना नोंदलेलं किमान-कमाल तापमान, वाऱ्याचा वेग, आणि भरपाईचे ठरलेले निकष. निकष तर शासन निर्णयातच छापलेले असतात (प्रश्न ७).

१६. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून लाभार्थ्यांची यादीच देत नाहीत. हे बरोबर आहे का?

सध्याचा सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. पूर्वी कलम ८(१)(ञ), इंग्रजीतलं ८(१)(जे), यात वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या. सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणावर विनाकारण घाला पडत असेल, तरच नकार देता येई. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्या अटी काढून टाकल्या, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता कलमात उरलं ते फक्त ‘वैयक्तिक माहिती’. ही दुरुस्ती लोकांच्या बाजूची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही हात बांधलेले नाहीत. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करण्याचं कलम ४(१)(ख) मधलं बंधन कायद्यात जसंच्या तसं आहे. कलम ८(२) सुद्धा शाबूत आहे: जाहीर करण्यातलं लोकहित नुकसानीपेक्षा जास्त असेल तर माहिती देता येते. आणि कलम १० नुसार आधार क्रमांक, बँक खाते, फोन झाकून उरलेला कागद देता येतो. अर्जात या तिन्हींचा उल्लेख करा, आणि आधार-खात्यांचे क्रमांक ‘वगळून द्यावेत’ असं स्वतःच लिहा. शेजाऱ्याच्या आजाराचा किंवा घरगुती भांडणाचा कागद मागू नका. तो तुमचा हक्क नाही, आणि अशा अर्जांमुळे बाकीच्यांना नकार देणं सोपं जातं.

१७. कार्यालयाने कलम ४ चं काहीच केलेलं नाही. दंड होतो का?

इथे कायदा कमकुवत आहे. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये असा कलम २० चा दंड अर्जाला उत्तर न देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला होतो. स्वतःहून प्रसिद्ध न केल्याबद्दल तसा थेट दंड कायद्यात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये किशन चंद जैन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत देखरेख ठेवायला सांगितलं आहे.

व्यवहारात असं करा. ‘कलम ४(१)(ख) च्या १७ बाबींची अद्ययावत प्रत द्या’ असा साधा अर्ज टाका. आता ती अर्जाने मागितलेली माहिती झाली, मुदत आणि दंड दोन्ही लागू झाले. पुढे कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यांत गल्लत करू नका. तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ठरवलं. माहिती हवी असेल तर अपीलच करा. आणि अपिलात ‘ही माहिती कायमची प्रसिद्ध करण्याचा आदेश द्यावा’ अशी मागणी कलम १९(८) खाली जोडा.

१८. ‘फाइल सापडत नाही’ असं लेखी उत्तर आलं. आता?

माहिती नाकारण्याची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये आहेत, त्यांत ‘फाइल हरवली’ हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलं की नुसतं सापडत नाही म्हणून सुटता येत नाही, नीट शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी निश्चित करावी लागते. आपल्या राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास त्यात ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पण आधी त्या कागदाचा वर्ग विचारा. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ ३० वर्षं, ‘क-१’ १० वर्षं, ‘क’ ५ वर्षं, ‘ड’ १ वर्ष. मुदत संपून नियमाने नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीत त्याची नोंद हवी. त्या नोंदीची प्रत मागा. कागदही नाही आणि नोंदही नाही, असं झालं तर पहिल्या अपिलात चौकशीची आणि फाइल पुन्हा तयार करण्याची मागणी करा.

१९. आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, पण जुना कागद तिथे नाही म्हणतात. धुळ्यालाही कुणी दाद देत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या काही फाइली धुळ्याच्या अभिलेख कक्षात असू शकतात. त्याही मागे जायचं तर १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव, आणि पश्चिमेत आजचे धुळे-नंदुरबार. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांची अनेक मूळ प्रकरणं धुळे जिल्हा असतानाची आहेत, त्यामुळे हा प्रश्न तिकडून फार येतो.

तुम्ही दोन जिल्ह्यांत चकरा मारायच्या नाहीत. अर्ज नंदुरबारला द्या. कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवून तुम्हाला कळवणं त्यांचं काम आहे. ‘तुम्हीच धुळ्याला अर्ज करा’ हे उत्तर चूक आहे, त्यावर अपील होतं. अर्जात गावाचं जुनं नाव, जुना सर्व्हे नंबर आणि तेव्हाचा तालुका लिहा. शोधणाऱ्याचे कष्ट वाचतात आणि नकाराला जागा राहत नाही.

२०. धुळ्याहून नक्कल मिळाली, पण ती जुन्या मोडी लिपीत आहे. मराठीत करून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही का?

नाही. कार्यालयाकडे माहिती ज्या रूपात आहे त्याच रूपात द्यायची असते. नव्याने तयार करून देण्याचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं आहे. कलम ४ मधली स्थानिक भाषेची अट आपणहून प्रसिद्ध करायच्या माहितीला आहे (प्रश्न ३), जुन्या दप्तराच्या लिप्यंतराला नाही.

मोडी वाचणारे जाणकार जळगाव, धुळे, अमळनेर भागात अजून आहेत. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेतं. लिप्यंतर कोर्टात किंवा जात पडताळणीला द्यायचं असेल तर ते कुणाचं चालेल हे त्या कार्यालयाला आधी लेखी विचारा, नाहीतर पैसे दोनदा जातात. आणि मूळ मोडी नक्कल प्रमाणित करूनच घ्या, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही आहे ना ते खिडकीवरच तपासा.